फोरास जमीन

मुंबई बेटाच्या मध्यभागातील, भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या ज्या सखल जमिनी समुद्राला बांध घालून लागवडीस आणण्यात आल्या व अल्प साऱ्यावर वसाहतकऱ्यांच्या ताब्यात देण्यात आल्या, त्यांस फोरास जमीन ही संज्ञा आहे. आजचे भायखळा, कामाठीपुरा, ताडदेव व महालक्ष्मी हे भाग आणि परळकडील सखल पट्टा यांचा तिच्याशी निकटचा संबंध येतो. संज्ञेच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार ती ‘बाहेर’ या अर्थाच्या पोर्तुगीज ‘फोरा’ या शब्दापासून आली असून वस्तीबाहेरची जमीन असा तिचा अर्थ होतो. दुसऱ्या मतानुसार तिचे मूळ खंड किंवा सारा या अर्थाच्या ‘फोरो’ या शब्दात आहे. व्यवहारात या दोन्ही अर्थांची सरमिसळ झालेली दिसते. कारण ही जमीन वस्तीबाहेरची होती आणि तिच्यावरील साऱ्यालाही फोरासच म्हणत.

ज्या भूमीवर पीक येणे स्वभावतःच कठीण, ती नाममात्र साऱ्यावर देऊन कष्टाळू माणसे तेथे वसवावयाची, ही राज्यकर्त्यांची जुनी रीत आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८६२ च्या कायद्याने कोरड्या गवताळ मैदानांत १६० एकरांचे तुकडे अशाच हेतूने देण्यात आले. तेथील वसाहतकऱ्याचा शत्रू अवर्षण हा होता. मुंबईच्या वसाहतकऱ्यास पाणी उदंड होते. परंतु वर्षातील आठ महिने ते खारे असे आणि उरलेल्या चार महिन्यांत गोड्या पाण्याचा निचरा होत नसे. सुंदरबनातील किंवा हॉलंडमधील बांधबंदिस्तीच्या शेतीशी त्याच्या अडचणींचे अधिक साम्य आहे. मात्र या शेतीच्या पोटातूनच पुढे एक महानगर उभे राहिले, ही गोष्ट मुंबईच्या बाबतीत निराळी होय.

भौगोलिक पार्श्वभूमी : मुंबई हा मुळात कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी व माहीम अशा सात बेटांचा समूह होता. पश्चिमेकडे मलबार टेकडी ते वरळी आणि पूर्वेकडे डोंगरी, माझगाव ते शिवडी अशा बेसाल्ट खडकाच्या दोन समांतर रांगा असून त्यांच्यामधील पन्हळीसारख्या भागात भरतीचे पाणी शिरत असे. महालक्ष्मी व वरळी यांच्यामधील मोठी खिंड हे या पाण्याचे मुख्य द्वार होते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक पाच मीटरांच्या आसपास जातो. त्यामुळे भरतीला या मैदानावर पाण्याचा विस्तीर्ण थर पसरे आणि ओहोटीला दुर्गंधीयुक्त चिखल व तिवरांची झुडुपे उघडी पडत. पायधुणी हे नाव या ओढ्यात पाय धुऊन पलीकडे जाण्याच्या वहिवाटीवरून पडले, असे सांगितले जाते. उमरखाडी या नावात तर खाडी अजून शिल्लक आहे. वार्षिक पर्जन्य २०० सेंमी. हून अधिक असून जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. मैदानाची पातळी मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली असल्यामुळे भरती आणि अतिवृष्टी एकाच वेळी आली, तर पावसाच्या पाण्याला वाट राहत नसे. ही अडचण बांध घातल्यानेही सुटली नाही. तिचे स्वरूप तेवढे बदलले.

आरंभीची लागवड : बेटावरील सर्वांत जुने रहिवासी कोळी होत. बिंब राजाबरोबर आलेल्या कुळांनी माहीम परिसरात बागाईत केली, अशी परंपरा महिकावतीच्या बखरीत (वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेली) आढळते. तिचा तपशील वादग्रस्त असला, तरी पाठारे प्रभू, पाचकळशी, भंडारी, आगरी व कुणबी यांच्या वस्त्या पोर्तुगीजपूर्व काळापासून येथे होत्या, याविषयी फारसे दुमत नाही. या सर्वांनी प्रथम निवडली ती उंचवट्यांची व किनाऱ्यावरील वाळूची जमीन. गिरगाव, माहीम व दादरच्या पश्चिम किनाऱ्यावर वाळूच्या थरात पावसाचे पाणी मुरून राहते आणि उथळ विहिरीलाही गोडे पाणी लागते. अशा ठिकाणी नारळी-पोफळीच्या बागा व भाजीपाला होई. पोर्तुगीज भाषेत बागेला ‘ओर्ता’ म्हणत. इंग्रजी दप्तरात त्याचेच ‘ओर्ट’ झाले. मराठी बोलीत त्याला वाडी हा शब्द होता आणि काही ठिकाणी भाट. फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी, मुगभाट, बोरभाट व खेतवाडी या गिरगावातील नावांत ही लागवड उमटलेली दिसते. यांतील काही नावांच्या अन्य व्युत्पत्तीही दिल्या जातात. उदा., मुगभाट हे नाव मूग या धान्यावरून नव्हे, तर मुंगा नावाच्या कोळ्यावरून आले, असे एक मत आहे. भायखळा या नावातील ‘खळा’ म्हणजे मळणीचे खळे असेही काहीजण मानतात. इतर अभ्यासक त्याचा संबंध बाहव्याच्या झाडाशी लावतात.

वाळूच्या जमिनीत पाणी असले, तरी कस नसतो. बागाईतदारांनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे नारळीच्या बुंध्याशी लहान मासळी पुरणे हा होय. नायट्रोजनाचा पुरवठा करणारे हे खत बेटावर फुकटासारखे उपलब्ध होते आणि शेतीच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु त्याच्या दुर्गंधीमुळेच मुंबईची हवा प्राणघातक होते, अशी सतराव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या इंग्रज प्रवाशांची ठाम समजूत झाली. आजच्या ज्ञानानुसार त्या मृत्यूंचे एक प्रमुख कारण हिवताप हे होते आणि त्याचा उगम कुजक्या मासळीत नव्हे, तर डासांत होता.

भातशेती मात्र सखल भागाच्या कडेने होई. ज्या खाचरांना फक्त पावसाचे पाणी मिळे त्यांना कंपनीच्या दप्तरात गोड्या भाताची आणि ज्यांत भरतीचे पाणी शिरे त्यांना खाऱ्या भाताची जमीन म्हटले आहे. उत्पन्न मुड्यांत मोजले जाई. परळ, नायगाव, वडाळा, शिवडी, माटुंगा व धारावी ही गावे मुख्यतः या भातावर व मिठागरांवर जगत.

पोर्तुगीज व कंपनी सरकार : १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशाहाकडून वसई व तिच्या ताब्यातील प्रदेशाबरोबर मुंबई पोर्तुगीजांकडे आली. त्यांनी बेटे मक्त्याने वाटून दिली. मुंबईचे बेट काही काळ गार्सिया द ऑर्ता या वनस्पतिवैद्याकडे होते. त्याचा भारतीय औषधींवरील संवादात्मक ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. मक्तेदार हा ‘फझंदार’ व प्रत्यक्ष कसणारा कुणबी हे नाते याच काळात रूढ झाले. फझंदारी हा शब्द गिरगाव व ठाकूरद्वार भागातील घरजमिनींच्या व्यवहारांत विसाव्या शतकातही प्रचलित होता.

१६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे आली व १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने ती ईस्ट इंडिया कंपनीस देण्यात आली. जमिनीची मालकी कोणाची हा प्रश्न लगेच उभा राहिला. गव्हर्नर जेरल्ड आँजिअर (कार. १६६९–७७) याने १६७२ मध्ये स्थानिक जमीनधारकांशी करार केला. वर्षाला २०,००० झेराफिन देण्याच्या बदल्यात त्यांचा जमिनीवरील ताबा मान्य करण्यात आला. पुढे यातूनच ‘पेन्शन व टॅक्स’ हा धारापद्धतीचा प्रकार सिद्ध झाला. भातजमिनींवर ‘टोका’ म्हणजे पिकाचा हिस्सा घेण्याची पद्धत होती. तिचे रूपांतर नंतर रोख आकारात झाले. हा करार ज्या जमिनी १६७२ मध्ये पाण्याबाहेर होत्या त्यांच्यापुरता होता. भरतीखालील मैदान त्यात येत नव्हते. ते कोरडे झालेच, तर ते सरकारचे होईल, असे कंपनीने गृहीत धरले आणि पुढील दीडशे वर्षांच्या वादाचे बीज या गृहीतात पडले.

खिंडी बुजविण्याची निकड कंपनीच्या संचालकांनाही पटली होती. त्यामागे आरोग्याचा विचार होताच. पण बुडालेली जमीन सारा देऊ लागेल हा हिशेब त्याहून प्रबळ होता. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून शीव, माहीम व दादर बाजूच्या लहान खिंडी टप्प्याटप्प्याने बुजविण्यात आल्या. महालक्ष्मीची मोठी खिंड मात्र दीर्घकाळ दाद देईना. ती बंद करणारा बांध गव्हर्नर विल्यम हॉर्नबी (कार. १७७१–८४) याच्या नावाने ‘हॉर्नबी वेलार्ड’ म्हणून ओळखला जातो; परंपरेने त्याच्या पूर्ततेचे वर्ष १७८४ च्या सुमाराचे मानतात. वेलार्ड हा शब्दही बांध किंवा कुंपण या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला आहे. बांध वारंवार ढासळत असता रामजी शिवजी प्रभू या स्थापत्यकारास दृष्टांत होऊन समुद्रातून महालक्ष्मीची मूर्ती मिळाली व त्यानंतर काम तडीस गेले, ही आख्यायिका सर्वपरिचित आहे. या बांधावरील रस्त्यास आता लाला लजपतराय मार्ग असे नाव आहे. १७९० च्या दशकात बेलासिस रस्ता सुरतेकडून दुष्काळामुळे आलेल्या लोकांना काम देऊन बांधण्यात आला. मैदानावर पाय ठेवावयास कोरडी जागा मिळाली, ती अशा रस्त्यांमुळे.

खाऱ्या जमिनीची लागवड : बांध घातला म्हणजे जमीन तयार झाली, असा समज शासनाचा असे, शेतकऱ्याचा नसे. भरती अडल्यावरही मातीत शतकानुशतकांचे मीठ साचलेले असते. पावसाचे पाणी साठवून ते जमिनीत जिरविणे व खारट झालेले पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडणे, हीच ते घालविण्याची एकमेव परवडणारी रीत होती. त्यासाठी शेताभोवती लहान बांध आणि मुख्य बांधात लाकडी झापेची दारे लागत. कोकणात या दारांना उघाडी म्हणतात. ओहोटीला आतील पाण्याच्या दाबाने झाप उघडते आणि भरतीला बाहेरच्या पाण्याने ती आपोआप मिटते. झापेत एखादा ओंडका अडकला किंवा राखणदाराला वेळेवर जाग आली नाही, तर एका रात्रीत हंगाम बुडे. पहिला एक-दोन वर्षांचा पाऊस केवळ मीठ धुण्यात जाई. त्यानंतर खारे गवत उगवू लागे आणि गवत आले म्हणजे पुढील साली भात पेरून पाहावयास हरकत नाही, असा अनुभवाचा आडाखा असे.

खाऱ्या भाताची पद्धतही गोड्या भाताहून पुष्कळशी वेगळी होती. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये तिचे जे वर्णन आढळते, ते मुंबई बेटाच्या लगतच्याच प्रदेशाचे असल्यामुळे येथेही लागू मानण्यास हरकत नाही. वरकस जमिनीत राब भाजून रोपे तयार करतात व ती लावतात, तसे येथे करीत नाहीत. नांगरटही सहसा करीत नाहीत. मातीचा वरचा धुतलेला थर खाली गेला आणि खालचा खारट थर वर आला, तर केलेले कष्ट वाया जातात. जमीन पावसाने पुरती भिजल्यावर, मोड आणलेले बी चिखलात फोकतात. या पद्धतीला कोकणात रहू म्हणतात. मोड आलेल्या बियाला खाऱ्या मातीत रुजण्याचा नाजूक काळ काढावा लागत नाही, हे तिचे मर्म होय. खत घालण्याचीही गरज फारशी नसे, कारण खाडीचा गाळ सुपीक असतो. बियाणे म्हणून तांबड्या, जाड तांदळाच्या जाती वापरीत; त्यांना राता हे नाव आहे. हा तांदूळ बाजारात हलका मानला जाई. पण तो पोटभरीचा असतो आणि थोड्याफार मिठाने दगावत नाही. शेतकऱ्यांच्या या निवडीची शास्त्रीय कसोटी विसाव्या शतकात पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्रात लागली. स्थानिक वाणांतून निवडलेले ‘काळा राता १-२४’ व ‘भुरा राता ४-१०’ आणि त्यानंतरच्या पनवेल मालिकेतील जाती यांचा आधार पारंपरिक बियाणे हाच आहे.

सर्वांत मोठी धास्ती असे ती पावसाळ्यानंतरची. ऑक्टोबरपासून ऊन तापू लागले, की खोलवरचे खारे पाणी मातीतील सूक्ष्म पोकळ्यांतून वर चढते व पृष्ठभागावर मिठाचा पांढरा थर धरतो. त्यामुळे दुसरे पीक घेता येत नसे आणि परतीचा पाऊस लवकर ओसरला, तर दाणे भरण्याच्या ऐन वेळी पहिलेही करपे. दुष्काळ आणि महापूर एकाच शेतात, एकाच हंगामात अनुभवावे लागत. बांधाला खेकडे व उंदीर बिळे पाडीत. अशा बिळातून झिरपणारे पाणी वेळीच थोपविले नाही, तर उधाणाला बांध फुटून खांड पडे. खांड पडलेली जमीन पुन्हा पिकावर येण्यास दोन-तीन पावसाळे जात. शेतकऱ्याने तोपर्यंत काय खावे, याची तरतूद साऱ्याच्या कोणत्याही नियमात नव्हती.

एकट्याच्या बळावर बांध टिकत नाही, ही गोष्ट खाऱ्या शेतीच्या समाजरचनेत खोल रुजलेली आहे. साष्टी व उत्तर कोकणात बांध राखणाऱ्यास कसणाऱ्यांकडून ठराविक धान्य मिळे. या व्यवस्थेस शिलोत्री म्हणत. खांड पडली, की हद्दीचा विचार न करता सारा गाव माती घेऊन धावे. मुंबई बेटावर मुख्य बांध कंपनीचा, आतील बांध कुळांचे आणि पाणी सर्वांचे अशी विभागणी झाल्याने जबाबदारी विखुरली गेली. पाण्याचा निचरा हा त्यामुळे नेहमीच भांडणाचा विषय राहिला.

शेती एकपिकी असल्याने घरटी दुसरा उद्योग अपरिहार्य होता. आगऱ्यांनी मिठागरे केली. जी जमीन भाताला निरुपयोगी ठरे तीच मिठाला उत्तम असते. शिवडी, वडाळा व शीव येथील मिठागरे यातून वाढली. आग्रीपाडा या नावात त्या समाजाची वस्ती सूचित होते. भंडाऱ्यांनी बांधावरील व उंचवट्यांवरील ताड-माडांची माडी काढली. ताड व नारळ ही दोन्ही झाडे मातीतील मीठ बऱ्यापैकी सोसतात व त्यांची मुळे बांध धरून ठेवतात, हा दुहेरी लाभ होता. ताडदेव हे नाव या ताडवनांशी जोडले जाते. कुणबी मोकळ्या महिन्यांत शहरात मजुरी करीत. पुढील काळात गिरणीकामगार म्हणून प्रसिद्धीस आलेली शेत आणि शहर यांच्यामधील ही ये-जा मुंबईत फार आधीपासून होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

गवत व गुरे : धुतल्या जाणाऱ्या मैदानावर भाताआधी गवत येई आणि शहरातील गाई-म्हशी, घोडे व बैलगाड्या यांमुळे त्याला चांगली मागणी होती. चराईच्या जागेचा प्रश्न शहर वाढू लागताच तीव्र झाला. किल्ल्यासमोरील मैदानावर चराईसाठी सरकारने आकार बसविला, तेव्हा गरीब पशुपालकांची अडचण पाहून सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८३८ मध्ये ठाकूरद्वारानजीक २०,००० रुपयांस गवताळ जमीन विकत घेऊन ती मोफत चराईसाठी खुली केली. चर्नी रोड हे नाव या चरणीवरून आले, असे सांगतात.

हक्कांचा वाद : बांध राखणे, मीठ धुणे व नुकसान सोसणे यांसाठी वसाहतकऱ्यांना आकर्षण हवे म्हणून फोरास सारा हेतुपुरस्सर अल्प ठेवण्यात आला होता. जमीन पडीक व रोगट होती तोवर तिच्या मालकीविषयी कोणी विचारले नाही. १८०३ च्या किल्ल्यातील आगीनंतर वस्ती उत्तरेकडे सरकली, १८४० च्या सुमारास ग्रँट रोड झाला आणि मैदान घरबांधणीस योग्य होऊ लागले. त्याबरोबर भाताच्या खाचराची किंमत चढली. तेव्हा सरकारच्या बाजूने असे प्रतिपादन झाले, की जमीन समुद्रातून सरकारने काढली, धारक हे केवळ मर्जीतील कुळे आहेत व सार्वजनिक कामासाठी ती परत घेता येईल. धारकांचे म्हणणे असे, की बांध सरकारचा असला, तरी माती आमच्या पिढ्यांनी घडविली आहे आणि दीर्घ वहिवाट हाच आमचा हक्क आहे. कॅप्टन टॉमस डिकिन्सन व टेट यांच्या मोजणीने बेटाचे नकाशे तयार झाले होतेच. त्यामुळे वादाला निश्चित सीमा मिळाल्या.

या वादाचा निकाल १८५१ च्या सहाव्या कायद्याने लागला. नकाशात दर्शविलेल्या फोरास जमिनींवरील कंपनीचे हक्क त्या वर्षीच्या १ जुलैपासून, फोरास सारा वसूल करण्याचा अधिकार वगळून, संपुष्टात आले व ते धारकांकडे गेले. वसाहतकऱ्यांच्या श्रमांना मिळालेली ही मान्यता होय, असे सामान्यतः मानले जाते आणि ते अंशतः खरे आहे. परंतु कायद्याने हक्क दिला, तो कंपनीकडे थेट सारा भरणाऱ्यास. मधल्या काळात अनेक तुकड्यांचे हस्तांतर झालेले होते आणि प्रत्यक्ष कसणारा व सारा भरणारा एकच असेल, असे नव्हते. ज्याने चिखलात बी फोकले तो पोटकूळ असेल, तर त्याच्या पदरी कायद्याने काहीही पडले नाही. कोकणच्या खारेपाटात याच प्रश्नाने पुढे उग्र रूप धारण केले. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ पर्यंत चाललेला शेतकऱ्यांचा संप हा खोत व खारी जमीन कसणारी कुळे यांच्यामधील संघर्ष होता. बांधांच्या देखभालीची जबाबदारी शासनाने स्पष्टपणे पत्करली ती १९४८ च्या मुंबई खारजमीन अधिनियमाने व त्यानंतर १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाने. मुंबई बेटावर तोवर राखण्यासारखे भातखाचर उरले नव्हते.

शेतीचा अस्त : १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी भायखळ्याच्या मैदानावरून धावली. ताडदेव येथे का. ना. दावर यांची पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन होऊन १८५६ मध्ये सुरू झाली. त्यानंतरच्या अर्धशतकात परळ, लालबाग, चिंचपोकळी व भायखळा येथील खाचरे, तळी व बागा यांच्या जागी गिरण्या व चाळी आल्या. सखल मैदान भरून काढण्यासाठी टेकड्या फोडून आणलेल्या मातीबरोबरच शहराचा केरकचराही वापरण्यात आला. जेथे शेतकरी मीठ धुऊन जमीन तयार करीत, तेथे आता कचऱ्यावर जमीन तयार होऊ लागली. आरोग्याच्या दृष्टीने हा बदल हितावह नव्हता. महालक्ष्मीचे घोडदौडीचे मैदान १८८३ मध्ये याच सखल भागात झाले. आजही तेथे बऱ्यापैकी मोकळे क्षेत्र शिल्लक आहे आणि जुन्या मैदानाच्या विस्ताराची थोडी कल्पना त्यावरून येते.

शेतीसुधारणेचे प्रयत्नही याच काळात झाले. १८३० मध्ये स्थापन झालेल्या पश्चिम भारताच्या कृषि-उद्यान संस्थेची बाग शिवडीस होती. १८६५ च्या सुमारास ती जागा दफनभूमीसाठी घेण्यात आली. संस्थेने भायखळ्यास उभारलेले व १८६२ मध्ये खुले झालेले व्हिक्टोरिया उद्यान, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, हे मात्र टिकले. गिरगावच्या वाड्यांना विहार तलावाचे नळाचे पाणी १८६० पासून मिळू लागले आणि विहिरींवरचे रहाट हळूहळू थांबले. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी शहरातील हिवतापाविषयी सादर केलेल्या अहवालात विहिरींतील डासांकडे लक्ष वेधले. त्यानंतर अनेक विहिरी बुजविण्यात वा झाकण्यात आल्या. बागाईताचा उरलासुरला आधारही त्याबरोबर गेला.

दादर-माटुंग्याकडे भातखाचरे व माडांच्या बागा विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत होत्या. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार विश्वस्तमंडळाने (इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) दादर-माटुंगा योजनेखाली त्या संपादित करून रुंद रस्ते व नव्या वसाहती आखल्या. दादरच्या हिंदू कॉलनी व पारसी कॉलनी या त्यांतील प्रमुख होत.

अवशेष : बांध, उघाडी व निचरा यांचे जुने गणित शहराला अद्यापि सोडवावे लागते. परळ व दादर यांमधील हिंदमाता परिसर हा सखल पट्ट्यातीलच असून अतिवृष्टी व भरती एकाच वेळी आल्यास तेथे पाणी तुंबते. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर व ब्रिटानिया येथील उदंचन केंद्रे भरतीच्या वेळी आतील पाणी पंपाने समुद्रात टाकतात. समुद्राचे पाणी आत येऊ न देणारी त्यांची दारे ही तत्त्वतः उघाडीच होय. हिंदमाता परिसरातील पाणी तात्पुरते साठविण्यासाठी दादर व परळ येथील मैदानांखाली टाक्याही बांधण्यात आल्या आहेत. पावसाचे पाणी ओहोटी येईपर्यंत धरून ठेवणे हे काम पूर्वी भाताची खाचरे करीत.

कामाठीपुऱ्यालगतच्या रस्त्याला फोरास रोड हे नाव लोकांच्या तोंडी राहिले आहे, पण त्याचा शेतीशी असलेला संबंध बहुतेकांना अपरिचित आहे. मुंबई शहराच्या जमीन-अभिलेखांत मात्र पेन्शन व टॅक्स, टोका, सनदी या प्रकारांबरोबर फोरास हा धारणाप्रकार अजूनही नोंदलेला आढळतो.